अकरा ओळींचा हात

पंकज मगदूमला आईवडिलांनी एकच नाव ठेवलं होतं. बाकीची चार त्यानं स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो पंकज मगदूम. घरच्या लॅपटॉपवर पी-मगदूम. रविवारी गुपचूप एका बंगळूरच्या कंपनीचं काम करायचा तेव्हा एम. पंकज. कॉलेजच्या जुन्या मेलवरून आला की रोल नंबर एक्केचाळीस. आणि चिडलेला असला की नुसता पंक्या.

ही पाच माणसं एकच आहेत हे लिहून ठेवणं माझं काम होतं. तासगावच्या 'खोत आणि मंडळी'त मी ओळखवही सांभाळायची. आमच्याकडे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची सॉफ्टवेअर्स व्हायची: थंडी किती ठेवायची, पंखे कधी लावायचे, अमोनिया गळला तर भोंगा कसा वाजवायचा. हे सगळं लिखाण एका रेपोत असतं. रेपो म्हणजे न फाटणारी वही. जो बदल करतो तो त्यात कमिट टाकतो, म्हणजे नोंद करतो: काय बदललं, कधी, कुणी. प्रत्येक कमिटचा एक ठसा असतो आणि तो आधीच्या कमिटच्या ठशातून तयार होतो. मधलं एक अक्षर कुणी गुपचूप बदललं तरी पुढचे सगळे ठसे बिघडतात आणि लबाडी उघडी पडते.

इतकी पक्की वही, पण तिच्यात एक गंमत होती. लिहिणाऱ्याचं नाव कुणी तपासत नसे. सेटिंगमध्ये जे टाकाल ते नाव. मी उद्या कलेक्टर म्हणून कमिट टाकलं असतं तरी वहीनं मान डोलावली असती. म्हणून वेगळी ओळखवही लागायची. मूळ नोंदीला हात न लावता त्यात एवढंच लिहायचं की हे नाव आणि ते नाव एकाच माणसाचं.

मला या कामाची आवड होती. कोण किती वाजता काय लिहितं यावरून माणूस कळतो. पंकजचं एम. पंकज हे रूप नेहमीपेक्षा दुप्पट नीटनेटकं लिहायचं, हे मी कुणाला सांगितलं नाही. एक मात्र नाव असं होतं की त्याच्यापुढे ओळखवहीत मी आठ वर्षं काही लिहिलं नव्हतं. ते नाव होतं 'पंगत'.

पंगत म्हणजे आम्ही सगळे. दिगंबर खोतसरांनी पॉलिटेक्निक सोडून ऑफिस काढलं तेव्हा एकच चांगला कॉम्प्युटर होता आणि आम्ही पाच विद्यार्थी. आळीपाळीनं बसायचो. प्रत्येक वेळी नाव बदलायचा कंटाळा, म्हणून सरांनी सेटिंगमध्ये एकच नाव घालून ठेवलं. "पंगतीत कुणी काय वाढलं ते विचारत नाहीत," म्हणाले. "जेवलं की झालं."

सरांनी आम्हाला नुसतं प्रोग्रॅमिंग शिकवलं नाही, स्वतःचं वळण दिलं. नावं छोटी ठेवायची. आधी जे बिघडू शकतं ते तपासायचं, मग जे चालतं ते. आणि निकाल द्यायच्या आधी एक ओळ मोकळी सोडायची. "वाईट बातमी सांगताना माणूस घसा खाकरतो की नाही? तसं. वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा द्या गं." तालुक्यात दोनशेच्या वर पोरंपोरी त्यांच्याकडे शिकली. सगळ्यांच्या लिखाणात ती मोकळी ओळ सापडायची.

त्या काळात पंगतीच्या नावानं मी अकरा ओळी लिहिल्या. दुरुस्तीला माणूस आत गेला की भोंगा चाळीस मिनिटं गप्प राहावा, नाहीतर त्याचे कान फुटायचे, अशी ती सोय होती. त्या दिवशी संध्याकाळी मला बघायला आष्ट्याचे लोक येणार होते. आईचे चार फोन येऊन गेले होते.

"वृषा," सरांनी मागून विचारलं, "मध्येच वीज गेली तर?"

"बघितलंय सर."

बघितलं नव्हतं. वीज जाऊन आली की माझ्या ओळी ती चाळीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायच्या. मी पर्स उचलली. आष्ट्याच्या मुलानं पोहे दोनदा घेतले आणि नकार कळवला. त्या ओळी मात्र सहज पसंत पडल्या, आणि आठ वर्षांत एकोणीस कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन बसल्या.

एका एप्रिलमध्ये सकाळी नऊला एका स्टोरेजमध्ये दुरुस्तीसाठी भोंगा गप्प केला गेला. त्या दिवशी वीज तीनदा गेली आणि तीनदा आली. मेकॅनिक काम उरकून चहाला गेला तरी भोंगा गप्पच. पाइपचा एक सांधा बारीक गळत होता. तिथल्या बायकांना थोडा वास रोजचाच, त्या भोंग्यावर विसंबायच्या. अकराच्या सुमाराला छबू ऐवळे नावाची बाई बेदाण्याच्या पेट्या काढायला आतल्या खोलीत गेली आणि सांधा सुटला.

मी तिच्या मृत्यूची बातमी वाचली आणि रेपो उघडला. ओळी वाचायची गरज नव्हती. मोकळ्या ओळीसकट सगळं पाठ होतं.

चौकशी बसली. भोंग्याचं लिखाण कुणाचं, तर पंगतीचं. पंगत कोण, याला कायद्याच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. पण त्या वर्षी नवीन यंत्र आलं होतं, वळणपारख. त्याचं शास्त्र तसं सरळ होतं. माणूस चालतो तेव्हा त्याच्या चालीवरून लांबूनही ओळखू येतो, तसा लिहितानाही येतो. नावं कशी ठेवतो, शंका आधी तपासतो की नंतर, कुठे ओळ तोडतो, काय दोनदा लिहितो, अशा तीनेकशे सवयींची मापं यंत्र घ्यायचं. मग तुमच्या खात्रीच्या नमुन्यांशी ती मापं ताडून बिननावाच्या लिखाणाचा हात सांगायचं, टक्क्यांत. जुन्या मेलांचा, टोपणनावांचा, चोरून केलेल्या कामांचा एका फटक्यात निकाल. ओळखवही सांभाळणाऱ्यांची गरजच संपली.

त्या संपत आलेल्या नोकरीमुळेच मला परिपत्रक सगळ्यांच्या आधी मिळालं. त्यात लिहिलं होतं की जुन्या नावांवर भरवसा नाही. येत्या सहा आठवड्यांत प्रत्येकानं अंगठा लावून जे कमिट कराल तेच तुमचे नमुने.

मी परिपत्रक दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवसापासून मी लांब नावं ठेवायला लागले. आधी चालणारं लिहायचं, बिघडणारं शेवटी. मोकळी ओळ सोडणं बंद. पहिल्या आठवड्यात बोटं अडखळायची. डावखुऱ्या माणसाला उजव्या हातानं जेवायला लावावं तसं. दुसऱ्या आठवड्यात सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे मी वर्षानुवर्षं इतरांच्या कमिट्समध्ये बघत आले होते. स्वतःचं बघायला लागलं एवढंच.

पाचव्या आठवड्यात सर माझ्या खुर्चीमागे थांबले. पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"हल्ली घाईत लिहितेस वृषा."

"नाही सर. काय झालं?"

"काही नाही. श्वास घेत नाहीयेस." आणि चहा सांगायला गेले.

अहवाल आला. अकरा ओळी: दिगंबर खोत, चौऱ्याण्णव टक्के. माझ्या नावापुढे तीन टक्के होते. मी पंगतीच्या नावानं लिहिलेलं बाकीचं सगळंही सरांच्या खात्यात गेलं होतं. माझ्या तरुणपणातली एकही ओळ माझ्या नावावर राहिली नाही.

सुनावणी सांगलीला झाली. अधिकारी तरुण होता, सभ्य होता.

"या ओळी कोणाच्या, खोतसर?"

"आमच्या."

"आमच्या म्हणजे कोणाच्या? एक नाव सांगावं लागेल."

मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर होते. मनात म्हणत होते, आता वळून बघतील, आता बघतील. बघितलं असतं तर मी उठले असते, असं मी स्वतःला चार वर्षं सांगत आले. त्यांनी मान हलवलीसुद्धा नाही.

"यंत्र म्हणतंय तर माझ्याच," ते म्हणाले. "वीज गेली तर काय, हे मी बघायला हवं होतं."

छबूबाईची मुलगी पूनम कोपऱ्यात उभी होती. सर बाहेर पडताना ती त्यांना काहीतरी बोलली. सरांनी हात जोडले. मी जिन्यावरून आधीच उतरले होते.

तुरुंग झाला नाही. शिक्षा नवीन पद्धतीची होती, 'हात बंद'. देशातल्या कुठल्याही रेपोत त्या वळणाचं लिखाण आलं की परत. माणसाचं नाव बंद केलं तर तो दुसरं घेतो, पंकजनं चार घेतलीच होती. म्हणून सरकारनं हातच बंद केला. कागदावर अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

दोन महिन्यांनी पंकजचा फोन.

"अगं वृषा, माझं कमिट परत आलंय! म्हणे खोत, दि., अठ्ठ्याहत्तर टक्के!"

"कुठल्या नावानं टाकलं होतंस?"

"पाचही नावांनी टाकून बघितलं की! एम. पंकजसुद्धा अडकला. आता मी काय करू, जन्म पुन्हा घेऊ?"

त्याच्यासारखे दोनशे होते. सरांकडे शिकलेली पोरं पुण्याला, हैदराबादला, जिथे होती तिथे अडकायला लागली. मग सांगलीत विश्रामबागेला वळण मोडून देणारे क्लास निघाले. तीन आठवड्यांचा कोर्स, शेवटी प्रमाणपत्र. पंकज पहिल्या तुकडीत होता. दोन वर्षांत दोनशेच्या दोनशेजणांनी मोकळी ओळ सोडणं बंद केलं. त्यांना जे क्लास लावून जमलं ते मी घरबसल्या सगळ्यांच्या आधी केलं होतं.

सर घरी बसले. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची, फळं घेऊन. ते वहीत पेनानं लिहीत बसलेले असायचे. वही बंद हातालाही नाही म्हणत नाही. मागच्या दिवाळीनंतर गेले तर सूनबाई दारातच भेटल्या, वैतागलेल्या.

"शाळेनं ईराचा प्रोजेक्ट परत पाठवला. म्हणे बंद हाताशी साम्य. अहो, नऊ वर्षांची पोर आहे ती! बाबांनी जरा शेजारी बसून दाखवलं, एवढंच." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी सांगितलंय बाबांना, की अभ्यासाला तिच्याजवळ बसत जाऊ नका. तुमची सवय लागेल तिला."

आत सर ऐकत होते. ईरा टेबलाशी पाठ करून बसली होती आणि ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी, वही न उघडता.

पुढच्या सोमवारी मी पुण्याला वळणपारखीच्या नोंदणी कार्यालयात गेले. माझ्या नावाचा अर्ज, साध्या भाषेत: त्या अकरा ओळी मी लिहिल्या, खोतसरांनी नाही. खिडकीमागच्या देशमानेबाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, घातला.

"कबुली द्यायला येणारे फार नसतात हो आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "बघू या."

यंत्रानं अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. वृषाली शेंडगे: दोन टक्के. चार वर्षांत मी आणखी एका टक्क्यानं दूर गेले होते.

"या तुमच्या नाहीत."

"तेव्हा मी तसं लिहायची. मग मुद्दाम बदललं."

"ते म्हणजे, तुम्ही म्हणता म्हणून."

"आत्ता इथे बसून लिहून दाखवते. त्याच वळणात, दुसरं काहीही सांगा."

"निकालानंतरचा नमुना चालत नाही, ताई. नाहीतर प्रत्येक शिष्य गुरूसाठी येऊन बसेल इथे." त्यांचा आवाज खरंच मऊ होता. "गेल्याच महिन्यात एक आले होते. वडिलांसाठी. ते पण लिहून दाखवतो म्हणत होते."

"मी खरं सांगतेय."

"असेल. पण मी काय लावू फाइलला?"

परतताना बसमध्ये फोनवर तसं लिहून बघितलं. छोटी नावं, आधी बिघाड. जमेना. मोकळी ओळ सोडली, पण ती नक्कल केलेली दिसत होती. दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखी. देशमानेबाईंनी परवानगी दिली असती तरी मी नापासच झाले असते.

तासगावला उतरले ती तशीच सरांकडे. सगळं सांगितलं. आष्ट्याच्या लोकांपासून दोन टक्क्यांपर्यंत. बोलताना त्यांच्या खिडकीकडे बघत होते. संपलं तेव्हा ते म्हणाले, "पोहे दोनदा खाल्ले होते नाही त्यानं?"

"तुम्हाला माहीत होतं."

"पाचव्या आठवड्यात कळलं. त्याआधी खरंच वाटत होतं की माझ्याच असतील. मी लिहिल्या असत्या तरी अशाच लिहिल्या असत्या. चुकीसकट." ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. "चल. मागच्या खोलीत जुना कॉम्प्युटर आहे. त्यात आपली पहिली वही आहे. तिथे यंत्र नाही."

तोच कॉम्प्युटर होता. सुरू व्हायला त्यानं सात मिनिटं घेतली. ओळखवहीत एखाद्या कमिटचा ठसा लिहून त्यापुढे माणसाचं नाव घालायची सोय सरांनीच केली होती. मी ठसा शोधला. त्यापुढे माझं नाव लिहिलं. कमिट केलं. नोंद पडद्यावर आली:

लेखक: पंगत.

सेटिंग कुणी बदललंच नव्हतं. माझी कबुलीही आम्हा सगळ्यांच्या नावावर जाऊन पडली होती. सर हसायला लागले. चार वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि मग पुसतच राहिले.

"राहू दे," ते म्हणाले. "पंगतच बरी."

"नाही सर. या वेळी नको."

शेवटचीच नोंद होती, तेवढी बदलता येते. मी सेटिंग उघडलं, नाव घातलं, पुन्हा कमिट केलं. ठसा बदलला. त्या वहीत पहिल्यांदाच पंगत सोडून दुसरं नाव आलं. सरांनी चष्मा लावून ते वाचलं. शाबासकी दिली नाही आणि माफही केलं नाही.

"ही वही मी सोडून कोण वाचणार वृषा?" ते म्हणाले. "छबूबाईंची मुलगी मणेराजुरीच्या रस्त्याला राहते. अजून दर वर्षी एप्रिलमध्ये मला फोन करून शिव्या देते. मी ऐकून घेतो. तिचा फोन मी ऐकणं बरोबर नाही. तिच्यासाठी नाही."

पूनम ऐवळे अंगणात ताडपत्रीवर बेदाणा निवडत बसली होती. हिरवा एकीकडे, काळा एकीकडे. खोतसरांकडून आलेय म्हटल्यावर हात न थांबवता तिनं वर बघितलं.

"बसा की. त्या खोत मास्तराकडनं आलाय व्हय? मेला का?"

"नाही. त्यांच्याबद्दलच सांगायचंय. त्यांनी नव्हतं लिहिलं ते. भोंग्याचं."

तिचा हात थांबला. बोटांत एक काळा दाणा तसाच राहिला.

"मशिन म्हनलं की."

"मशिन चुकलं. मी चुकवलं त्याला."

"मग चार वर्सं मी त्या म्हाताऱ्याला..." तिनं वाक्य सोडून दिलं. दाणा कुठल्या ढिगात टाकायचा ते तिला आठवेना. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, पायापासून वरपर्यंत, हळूहळू.

"तुमी कोन? नाव काय तुमचं?"

मी घसा खाकरला.

 

"वृषाली दत्तात्रय शेंडगे," मी म्हटलं. "त्या ओळी माझ्या आहेत."